एक खिसा लेकरासाठी ठेवा



श्रावण लागला की आमच्या सीताबर्डीच्या मेन रोडवर आयांची गर्दी वाढू लागते. पंधरा ऑगस्ट, तान्हा पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मग शाळेचं स्नेहसंमेलन, अशी ही रांगच असते. यातल्या बऱ्याच जणी घरी मशीनवर शिवणाऱ्या. जुन्या साडीचा फ्रॉक, पडद्याच्या उरलेल्या कापडाचा कुर्ता, बाबांच्या धोतराचं छोटं धोतर असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं. कापडाचा तुकडा हातात धरून दुकानादुकानात एकच विचारणं चाललेलं असतं, "भाऊ, याला मॅच होईल अशी लेस दाखवा." लेस, गोंडे, लटकन, टिकल्या, आरसे, तयार फुलांचे पॅच. बर्डीत काय मिळत नाही!

घरी शिवण्याची ही हौस मला फार मोलाची वाटते. तयार कपड्यांचे ढीग समोर लागलेले असताना कुणी स्वतः माप घेऊन, कापून, टीप मारून लेकरासाठी कपडा करतं, हे सोपं नाही. पण या सगळ्या खटाटोपात एक माणूस कुठेच नसतं. ज्याच्या अंगावर तो कपडा चढणार, ते लेकरू. त्याचं काम एवढंच, माप द्यायला उभं राहायचं आणि "हलू नको" ऐकायचं.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. घरी कपडा शिवणार असाल, तर त्याचा एक तुकडा सजवायला लेकराच्या हाती द्या. तो तुकडा खिशाचा असला तर उत्तमच. आणि आपण शिक्षकांनी त्या खिशाला शाळेत मान द्यायला हवा.

खिसाच का?

शिवणाऱ्यांना माहीत आहे की खिसा हा वेगळा तुकडा असतो. तो कपड्याला जोडायच्या आधी सपाट, सुटा, हातात मावेल एवढा असतो. त्यावर काहीही भरायचं असेल तर ते जोडण्यापूर्वीच भरणं सोयीचं. एकदा जोडला की आत हात घालून टाका घ्यावा लागतो आणि मागचं कापडही सुईत अडकतं. लहान रिंगमध्ये (भरतकामाची गोल फ्रेम) खिशाचं कापड छान ताणून बसतं. कापायच्या आधीच खडूने खिशाचा आकार आखून मोठ्या कापडावर भरलं तर आणखी सोपं, कारण रिंगला धरायला चारी बाजूंनी कापड मिळतं.

दुसरं कारण असं की बिघडलं तरी कपडा बिघडत नाही. नाहीच जमलं तर दुसरा तुकडा कापता येतो. त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागत नाही आणि लेकराच्या मानेवर कुणी श्वास रोखून उभं राहत नाही.

तिसरं कारण मुलींसाठी. मुलींच्या तयार फ्रॉकला खिसाच नसतो, असला तर नावापुरता. आमच्या वर्गातल्या मुली खडूचा तुकडा, चिंचोके, रिबीन, दहाची नोट सगळं मुठीत धरून फिरतात. घरी शिवताना आपल्या हातात आहे ना, मग खिसा लावा. आणि तो तिचा तिला सजवू द्या.

चिकटवणं आणि शिवणं

आज शाळेत कार्यानुभवाच्या नावाखाली जे येतं ते आपण सगळे बघतो. कापडावर गोंदाने चिकटवलेल्या टिकल्या, ग्लू गनने बसवलेलं तयार फूल, मागे आईच्या हाताची सफाई आणि पुढे मुलाचं नाव. प्रदर्शनाच्या टेबलावर ते शोभून दिसतं. मुलाला विचारा, "हे कसं केलंस?" तो आईकडे बघतो.

यात आयांचा दोष कमी आणि आपला जास्त, असं माझं मत आहे. आपण सुबक वस्तूला शाबासकी देतो, म्हणून घरातून सुबक वस्तू येते. वाकड्यातिकड्या टाक्यांचा रुमाल आपण टेबलाच्या मागच्या रांगेत ठेवतो. आठ वर्षांच्या मुलाला यातून जे कळायचं ते बरोबर कळतं, आपल्या हाताचं काम चार लोकांत दाखवण्यासारखं नाही. हा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, तरी तो सगळ्यांत पक्का बसतो. पुढे निबंध आईने सांगितलेला, प्रकल्प दुकानातून आणलेला, उत्तर गाईडमधलं, ही सगळी साखळी त्याच टेबलापासून सुरू होते.

चिकटवण्यात आणि शिवण्यात फरकही मोठा आहे. चिकटवलेली टिकली दोन धुण्यांत निघते. ती चुकीच्या जागी बसली तर ओढून काढताना कापडावर डाग राहतो. टाक्याचं तसं नाही. टाका चुकला तर उसवता येतो, आणि कापड धुतलं की सुईची भोकंही बुजतात. 'उसवणं' हा आपल्याकडे उगाच वाईट शब्द झालाय. शिवण शिकताना उसवणं म्हणजे खोडरबर. चुकलेली जागा शोधायची, तिथपर्यंत मागे यायचं, तिथून पुन्हा पुढे जायचं. गणितात आपल्याला मुलांकडून नेमकं हेच हवं असतं आणि तिथे ते पटकन होत नाही. सुई-दोऱ्यात ते डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं.

एका खिशात काय काय मावतं

आता शिक्षक म्हणून बघू या. घरच्या कुर्त्याला पाच बटणं लावायची आहेत. पहिल्या बटणापासून शेवटच्या बटणापर्यंत अंतर २८ सेंटिमीटर. दोन बटणांत किती अंतर ठेवायचं? बहुतेक मुलं २८ ला ५ ने भागायला बसतात आणि अडकतात. कापडावर बटणं मांडून बघितली की लक्षात येतं, बटणं पाच पण मधल्या जागा चारच. म्हणजे ७ सेंटिमीटर. खांब आणि कुंपण, झाडं आणि रस्ता अशी उदाहरणं आपण फळ्यावर वर्षानुवर्षं देतो. कुर्त्यावर चुकलं तर शेवटचं बटण पट्टीच्या बाहेर जातं, त्यामुळे ते विसरत नाही.

खिशाच्या कडेला रंगीत धावदोरा घालायचा, दोन लाल टाके, एक पिवळा, पुन्हा दोन लाल, एक पिवळा. हा आपल्या पाठ्यपुस्तकातला आकृतिबंध. खिशाच्या मधोमध घडी पाडून दोन्ही बाजूंना सारखी पानं काढायची, ही सममिती. धावदोऱ्याला किती दोरा लागला आणि तेवढ्याच लांबीच्या उलट्या टिपेला किती लागला ते मोजायचं. उलट्या टिपेला कितीतरी जास्त लागतो. का लागतो? कापड उलटं करून मागची बाजू बघा म्हणावं. उत्तर तिथेच आहे.

भाषा तर ओसंडून वाहते. नेढं, दोरा ओवणं, लडी, गुंडी, गाठ, टाचणी, अंगुस्तान, धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, साखळी टाका, देठ टाका, गाठीचा टाका, रफू, ठिगळ, अस्तर. यातले किती शब्द आपल्या चौथीच्या मुलांना येतात? सुईच्या भोकाला नेढं म्हणतात हे कळलं की सह्याद्रीतल्या कड्याला आरपार पडलेल्या भोकालाही नेढंच का म्हणतात ते सांगावं लागत नाही. 

आणि परिसर अभ्यास? सुती कापड का आकसतं, पॉलिस्टर का आकसत नाही, लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडाला का लागतो? दोरा वापरण्याआधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघितला की प्रयोग झाला. नवं सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवायचं, नाहीतर भरलेलं फूल पहिल्या धुण्यात आक्रसतं, हेही मुलांना स्वतः बघू द्या.

हे आपल्या मातीतलंच आहे

कुणाला वाटेल, हे नव्या धोरणाचं फॅड आहे. तसं नाही. नागपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर वर्धा आहे. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे अभ्यासक्रमाचं काम सोपवलं गेलं. नई तालीम ती हीच. तिचा गाभा हा होता की हाताचं काम हा वेगळा विषय ठेवायचा नाही, बाकीचे विषय त्या कामातून शिकवायचे. सूत कातता कातता हिशेब, कापसातून भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने हे काम अनेक वर्षं केलं. आजही तिथल्या आनंद निकेतन शाळेत हाताचं काम शिक्षणाचा भाग आहे.

पुढे बऱ्याच ठिकाणी काय झालं ते जुन्या शिक्षकांना विचारा. टकळी ही वेळापत्रकातली एक तासिका होऊन बसली. घंटा झाली, टकळी फिरवली, घंटा झाली, ठेवली. कामाचा आणि शिकण्याचा धागा तुटला. आपल्या कार्यानुभवाचंही तेच होऊ घातलंय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. चांगलं आहे. पण बोटांना सुई धरायची सवय सहावीत लावायला गेलात तर उशीर होतो आणि मुलांना लाजही वाटायला लागते. ही सवय आमच्याकडे, प्राथमिकला लागली पाहिजे. फिनलंडचं नाव आपण प्रशिक्षणांत सारखं ऐकतो. त्या देशात १८६६ पासून हस्तकला हा शाळेतला विषय आहे आणि आज तिथे मुलगे-मुली दोघंही सुईकाम आणि लाकूडकाम शिकतात. ऐकायचंच असेल तर हेही ऐकू या.

आणखी एक गोष्ट नागपूरकर म्हणून बोलते. हे शहर कापडाचं आहे. बर्डीपासून जवळच, गांधीसागर तलावाशेजारी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. कोष्टी विणकरांच्या हातमागावरची नागपुरी लुगडी गावोगावी जात. आज मिलच्या जागेवर मॉल उभा आहे आणि आमच्या मुलांना कापड माहीत आहे ते हँगरला लटकलेलं. सूत कुणी कातलं, कुणी विणलं, कुणी शिवलं, हा प्रश्नच त्यांच्या मनात येत नाही. ज्याने एक खिसा भरलाय, त्याच्या मनात तो येतो. "बाई, दुकानातल्या ड्रेसवर एवढं वर्क आहे, मग ते करायला किती दिवस लागले असतील?" असा प्रश्न चौथीतल्या मुलीने विचारला की आपला तास वसूल झाला समजायचं.

घरातलं ज्ञान शाळेत येऊ द्या

आपल्याकडे कपड्यावरची सजावट कधी नुसती सजावट नव्हती. बाळंतविड्यातलं अंगडं-टोपडं, कुंची, दुपटं यांवर आजी-मावशी काहीतरी भरतच. ते बाळ त्या घरचं आहे, त्याची वाट बघितली गेली आहे, हे त्यातून कळे. यवतमाळ-वाशीमकडच्या तांड्यांवर बंजारा बायांच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे, कवड्या आणि टाके बघा. ते त्यांनी स्वतः भरलेले असतात आणि त्यावरूनच त्या दुरून ओळखू येतात. गोधडीत तर अख्ख्या घराचे जुने कपडे असतात. आजीला विचारलं तर प्रत्येक ठिगळाचा मालक सांगते.

आमच्या वर्गांत येणाऱ्या मुलांच्या घरी हे काम आजही आहे. कुणाची आई साड्यांना फॉल-पिको करून देते, कुणाची ब्लाउजला हुक लावते, काज करते, कुणाचे बाबा टेलरिंगच्या दुकानात बसतात. हे सगळं नगावर मोजलं जाणारं, पाठ मोडणारं काम आहे. आणि ते मूल शाळेत मात्र सांगतं, "आई काहीच नाही करत, घरीच असते." माझ्या मते खिशाच्या या छोट्या उपक्रमात सगळ्यांत मोठं काही असेल तर ते हे. ज्या दिवशी ती आई वर्गात येऊन तीस मुलांना दोऱ्याला एका बोटाने गाठ कशी मारायची ते दाखवते, त्या दिवशी तिचं काम 'काहीच नाही' उरत नाही. आपल्याला वेगळं भाषण करावं लागत नाही. फळ्यावर तिचं नाव लिहा, "आजच्या शिक्षिका" म्हणून, आणि मुलांना तिला प्रश्न विचारू द्या. मानधन देणं शक्य असेल तर जरूर द्या. काम करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस फुकट नसतो.

"पोट्ट्याच्या हातात सुई कायले देता?"

हा प्रश्न मला बाबांनीच नाही, आयांनीही विचारला आहे. उत्तर द्यायला लांब जावं लागत नाही. बर्डीत कुठल्याही टेलरच्या दुकानात डोकावा. मशीनवर बहुतेक पुरुष. जरीकामाच्या खाटेभोवती बसलेले कारागीर बहुतेक पुरुष. म्हणजे पैसे मिळतात तिथे सुई पुरुषाच्या हातात चालते. घरी बटण तुटलं की मात्र ते काम बहिणीचं! हे मुलांना सांगा, त्यांनाच यातली गंमत कळते. मुलगे सुईकामात मागे असतात हाही समज खोटा आहे. पतंगाचा मांजा गुंडाळणारी, भोवऱ्याला दोरी लावणारी बोटं आहेत ती. त्यांना फुलं नको असतील तर बॅट भरू द्या, वाघ भरू द्या, मेट्रो भरू द्या. विषय त्यांचा हवा. आपण कागदावर काढून दिलेलं गुलाबाचं फूल सगळ्यांनी भरलं, तर पुन्हा तेच गाईड झालं.

बाकीच्या शंका

*सुई टोचेल.* टोचेल, एखाद्या वेळी. म्हणून पायरीने जायचं. पहिली-दुसरीला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई आणि गोणपाट किंवा भोकं पाडलेला पुठ्ठा. तिसरीपासून साधी सुई. सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, त्याची नोंद एका मुलाकडे. सुई रिकामी ठेवायची नाही, दोरा ओवलेलीच ठेवायची, म्हणजे पडली तर सापडते. दोरा हाताच्या कोपरापर्यंतच घ्यायचा. लांब दोरा गुंततो आणि ओढताना शेजाऱ्याच्या डोळ्यापर्यंत सुई जाते. लहान भावंडांच्या झबल्यावर मणी, टिकल्या, बटणं लावायची नाहीत, बाळं ती तोंडात घालतात. तिथे फक्त दोऱ्याचं भरतकाम, आणि आतली बाजू मऊ चिंधीने झाकलेली.

*खर्च.* एक प्लेट तर्री-पोह्याच्या पैशांत भरतकामाच्या दोन-तीन लड्या येतात. लडीत सहा पदर असतात, दोन पदरांनी भरलं तर एक लडी बरीच पुरते. कापड विकत आणायचंच नाही. टेलरकाकांकडे चिंध्यांची पिशवी असते, मागितली तर देतात. कृपा करून या उपक्रमाचं "किट" ठरवून पालकांना विकत आणायला लावू नका. किट आलं की सगळ्यांचे खिसे सारखे होतात आणि गरीब पालकांना भुर्दंड पडतो.

*वेळ.* अभ्यासक्रम संपत नाही हे मला कुणी सांगायला नको, माझाही संपत नाही. पण वर सांगितलेलं बटणांचं गणित, आकृतिबंध, सममिती, शब्दसंपत्ती हे सगळं आपण शिकवणारच आहोत. ते सुई हातात असताना शिकवलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. शिवाय सुई-दोरा हातात असताना वर्ग जेवढा शांत बसतो तेवढा "हाताची घडी तोंडावर बोट" म्हणूनही बसत नाही.

*चांगलं दिसणार नाही.* नाहीच दिसणार. पहिल्या खिशावरचा मासा बटाट्यासारखा दिसतो. म्हणून तर आधी खिसा, मग बाकीचं. पण एक करा. मूल झोपल्यावर तो टाका गुपचूप सरळ करू नका. सकाळी त्याला कळतं. काही बोलत नाही, पण कळतं.

सुरुवात कुठून करायची?

आपल्या विदर्भात मुहूर्त तयारच आहे, तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, बोजारा मागतात. बैलाला झूल लागतेच. ती बाजारातून आणण्याऐवजी मुलांनाच शिवू द्या. बैलाच्या पाठीची लांबी, दोन्ही कुशींची उंची, एकूण माप, कागदी नमुना, कापड. कडेने धावदोरा, कोपऱ्यात गोंडा. बैल तक्रार करत नाही, त्याला आखूड-लांब चालतं. झूल जमली की गणपतीपर्यंत रुमाल, आणि दिवाळीचा कपडा घरी शिवला जाईल तेव्हा खिसा.

वर्गवार सांगायचं तर असं. पहिली: पुठ्ठ्याच्या भोकांतून दोरा काढणं, स्वतः दोरा ओवणं. दुसरी: गोणपाटावर धावदोरा, गाठ मारणं. तिसरी: रुमालाची कड, दोन रंगांचा आकृतिबंध. चौथी: बटण लावणं, साखळी टाका, खिशावर आपली खूण. पाचवी: आपलं नाव भरणं, फाटलेल्या जागी ठिगळ लावून ते सजवणं.

गणवेशावर काही करता येत नाही, हे खरं. पण आतल्या बाजूला, कॉलरच्या मागे, कुणाला न दिसेल अशी छोटी खूण भरता येते. मासा, चांदणी, पतंग. हिवाळ्यात वर्गात एकसारखे वीस स्वेटर पडलेले असतात. ज्या पहिलीतल्या बाळाला अजून आपलं नाव वाचता येत नाही, त्याला आपला मासा बरोबर सापडतो.

शिक्षकांनी आकारिक मूल्यमापनात काय नोंदवायचं? "वस्तू सुबक बनवली" असं लिहू नका. ते आईला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. असं लिहा: स्वतः दोरा ओवतो. चुकलेला टाका ओळखून उसवतो. आपली नक्षी स्वतः ठरवतो. शेजाऱ्याला गाठ मारायला मदत करतो. आणि प्रदर्शनात खिसे मांडाल तेव्हा काही उलटे मांडा, मागची बाजू वर करून. दोरा कुठून कुठे गेला, गाठी कुठे पडल्या, किती वेळा उसवलं ते सगळं मागे दिसतं. मुलाने किती काम केलंय हे तिथूनच कळतं, आणि कुणी दुसऱ्याने केलं असेल तर तेही.

पालकहो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. या दिवाळीला कापड कापाल तेव्हा खिशाचा तुकडा बाजूला ठेवा. सुई, दोन रंगांचे दोरे आणि एक रविवार द्या. काय भरायचं ते सुचवू नका, विचारलं तरच टाका दाखवा. मग तो खिसा जसा असेल तसा कपड्याला जोडा, समोरच्या बाजूला, दिसेल असा. आणि पाहुण्यांनी "हे काय वाकडंतिकडं?" असं विचारलं, तर उत्तर तुम्ही देऊ नका. ते लेकरू देईल.